गाळलेला भुरका

गिरिजा हत्तुरेच्या गळ्यातला पट्टा लाल झाला, तेव्हा ती आमटी पीत होती.

तिला तो दिवा दिसला नाही. तो हनुवटीखाली होता. दिसला तन्वीर इनामदारला. तो समोरच्या भिंतीला पाय अडकवून, म्हणजे गिरिजाच्या हिशेबाने उलटा लटकून, भाताची पिशवी पिळत होता. त्याचे हात थांबले.

"ताई, लाल."

"काय लाल?"

"पट्टा तुमचा. आधी वाटलं आमटी उडाली."

गिरिजाने मनगटावरच्या पडद्याकडे पाहिलं. कालपर्यंत पिवळा असलेला आकडा रेषा ओलांडून पलीकडे गेला होता. तिने आमटीच्या पिशवीच्या नळीचा चिमटा लावला, पिशवी भिंतीला चिकटवली आणि मानेच्या डाव्या बाजूला दोन बोटं ठेवली. बोटांना काहीच वेगळं लागलं नाही. दुखत नव्हतं, सूज रोजच्याइतकीच होती.

"मला काही होत नाहीये," ती म्हणाली.

"कुणालाच काही होत नसतं," तन्वीर म्हणाला. "म्हणून तर पट्टा घालतात."

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या ध्रुवा स्थानकावर ही दोघंच होती. गिरिजा स्थानकाची प्रमुख, सोलापूरची, यंत्र अभियंता. तन्वीर जीवशास्त्रज्ञ, मिरजेचा, तिच्यापेक्षा आठेक वर्षांनी लहान. वर्षभराचा मुक्काम करणारी गिरिजा पहिलीच स्त्री होती आणि अजून निम्मं वर्षही झालं नव्हतं.

पृथ्वीवर उभ्या माणसाच्या मानेतल्या मोठ्या शिरा जवळजवळ मिटलेल्या असतात. डोक्यातलं रक्त स्वतःच्या वजनाने खाली, हृदयाकडे उतरतं. शिरेला त्यासाठी काही करावं लागत नाही. आडवं झालं की शिरा भरतात, उठलं की पुन्हा मिटतात. अंतराळात 'खाली' ही दिशाच नसते. रक्त छातीत, मानेत, डोक्यात जमतं. चेहरा सुजतो, पाय काटकुळे होतात आणि मानेतली शीर, विशेषतः डावी, रात्रंदिवस फुगलेली राहते. तिच्यातलं रक्त रेंगाळतं, कधी जागच्या जागी डुलतं, कधी थोडं उलटंही वाहतं. साचून राहिलेलं रक्त गोठू शकतं. मानेतली गुठळी सुटली आणि हृदयातून जाऊन फुप्फुसात अडकली, तर माणसाच्या हातात फार वेळ राहत नाही. रक्त पातळ ठेवणारी औषधं वर असतात. पण ती घेतलेल्या माणसाला कापलं तर रक्त लवकर थांबत नाही, आणि स्थानकावर पाना-पक्कड हातात घेतल्याशिवाय एकही दिवस जात नाही.

पूर्वी महिन्यातून एकदा सोनोग्राफी करून शीर बघत. डॉ. अश्विनी मोहरीरने 'ग्रीवा' बनवल्यावर ते बंद झालं. ग्रीवा म्हणजे गळ्याभोवतीचा मऊ पट्टा. त्यात ध्वनिलहरी सोडणारे बारीक कण विणलेले होते. शिरेतल्या प्रवाहावर त्याची सतत नजर असे आणि येत्या काही आठवड्यांत गुठळी होण्याची शक्यता किती, हे तो सांगे. लाल झाला की परतीच्या पुढच्या वेळेला खाली यायचं, हा नियम. ग्रीवा आल्यापासून अंतराळात कुणालाही गुठळी झाली नव्हती. होण्याआधीच माणसं खाली आणली जात होती. त्यांतल्या किती जणांना ती खरोखर झाली असती, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. खाली आणलेल्यांत स्त्रिया जास्त होत्या, एवढंच कळत होतं.

*

अश्विनीचा चेहरा पडद्यावर आला तेव्हा ती आधीच थकलेली दिसत होती.

"परवा दुपारी परतीची वेळ आहे," ती म्हणाली. "तयारीला लाग."

"नमस्कार, अश्विनी. मी बरी आहे. तू कशी आहेस?"

"गिरिजा, मस्करी नको."

"मी गर्भनिरोधक गोळ्या घेत नाही. धूम्रपान नाही. घरात कुणाला गुठळी झालेली नाही. मग आकडा चढला कशाने?"

"मुख्य म्हणजे प्रवाहाने. तुझ्या डाव्या शिरेत रक्त जवळजवळ उभं आहे. दिवसचे दिवस. ग्रीवा तेच मोजतो, रक्त सलग किती वेळ उभं राहिलं ते. आणि आकड्यात थोडे गुण स्त्री असण्याचे."

"स्त्री असण्याचे कशाबद्दल?"

"तुमच्यातल्या बऱ्याच जणी पाळी थांबवायला गोळ्या घेतात. शिरा सरासरीने अरुंद असतात. म्हणून."

"म्हणजे दुसऱ्या कुणीतरी घेतलेल्या गोळ्या माझ्या खात्यावर."

दोघींची ओळख बारा-तेरा वर्षांची. परदेशातल्या प्रशिक्षणाला दोघी एकाच खोलीत राहिल्या होत्या. अश्विनी डॉक्टर म्हणून, गिरिजा उमेदवार म्हणून. पहिल्याच दिवशी भोजनगृहात गिरिजाने सूपचा वाडगा उचलून सणसणीत भुरका मारला आणि चार टेबलांवरच्या माना वळल्या. अश्विनी हळूच म्हणाली होती, "गिरिजा, आवाज." अश्विनीचे वडील लष्करात होते, नागपूरच्या त्यांच्या घरात जेवताना चमचाही ताटाला लागत नसे. गिरिजाचे वडील सोलापुरात खानावळ चालवत. तिथे आमटीला भुरका आला नाही, तर आचारी बाहेर येऊन विचारायचा, काय चुकलं म्हणून. तेव्हापासून 'गिरिजा, आवाज' हे दोघींमधलं एक वाक्य होऊन बसलं होतं. अश्विनी ते थट्टेने म्हणे, गिरिजा थट्टेने घेई. दर वेळी दोघींनाही ती थट्टा वाटायचीच असं नाही.

"अजून एक आहे," अश्विनी म्हणाली. "तू उतरलीस की समिती ठराव करणार आहे. पुरेशी माहिती हाती येईपर्यंत लांब मुक्कामावर स्त्रियांना पाठवायचं नाही. तात्पुरतं."

"लिपिका आणि जसलीन? त्यांचं प्रशिक्षण संपत आलंय."

"थांबतील."

"माहिती येईपर्यंत जायचं नाही. आणि गेल्याशिवाय माहिती यायची कुठून?"

"मला ते कळत नाही असं वाटतं तुला?" अश्विनीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पण उद्या तुझ्या फुप्फुसात गुठळी गेली तर तो ठराव तात्पुरता राहणार नाही. कायमचा होईल. आणि तू नसशील."

हे खरं होतं. गिरिजालाही ते खरं आहे हे माहीत होतं.

*

"मला पट्ट्याचा आकडा नको, शीर बघायचीय," तिने तन्वीरला सांगितलं. "जुनं यंत्र काढ."

सोनोग्राफीचं जुनं यंत्र अडगळीत होतं. तन्वीरने त्याचा प्रोब तिच्या मानेवर टेकवला, पट्ट्याच्या किंचित वर. पडद्यावर डावी शीर उमटली. काळी, टम्म, पिकलेल्या फळासारखी. आत करड्या रंगाचा धूर दिसत होता. तो धूर पुढे सरकत नव्हता. नाडीबरोबर इकडे यायचा, तिकडे जायचा, पुन्हा तिथेच.

"असं वाटतंय, गेटबाहेर ट्रक उभे आहेत आणि गेट उघडत नाहीये," तन्वीर म्हणाला.

"उपमा नको. मोज."

तो मोजत राहिला. गिरिजाला पडद्याकडे बघवेना. स्वतःच्या शरीरात, स्वतःच्या नकळत, काहीतरी असं बसून आहे हे आकड्यात वाचणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. अश्विनीचं बरोबर असेल तर? हट्टाने इथे बसून राहिलेली बाई, एवढंच आपल्याबद्दल उरेल.

समोर भिंतीला सकाळची आमटी चिकटलेली होती. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने ती ओढून घेतली.

अंतराळात भुरका मारणं सोपं नाही. पिशवीच्या नळीतून गालांनी चोखलं तर द्रव तोंडात येतो, पण तो भुरका नव्हे. भुरक्याला हवा लागते. ओठांच्या फटीतून द्रव आणि हवा एकदम, छातीच्या जोराने ओढावी लागते. गिरिजाने पहिल्या आठवड्यात त्याचा खटाटोप केला, तेव्हा आमटीचे गोळे तरंगत जाऊन तन्वीरच्या चष्म्यावर बसले होते. मग तिला युक्ती सापडली: चिमटा जवळजवळ बंद ठेवायचा, ओठाचा एक कोपरा किंचित उघडा, आणि श्वास खोल. माइक बंद असेल तेव्हाच ती हे करी.

तिने भुरका मारला. स्थानकाच्या पत्र्याच्या पोटात तो चांगलाच घुमला.

"काय केलंत?" तन्वीरने विचारलं.

"सॉरी. सवय आहे."

"नाही, आत्ता काय केलंत ते सांगा. मान हलवली का?"

"भुरका मारला रे. का?"

तन्वीर पडद्याला नाक लावून बसला होता. "परत मारा."

तिने मारला. पडद्यावरची टम्म शीर एकदम निम्म्याने मिटली आणि आतला सगळा धूर छातीच्या दिशेने निघून गेला. क्षणभर शीर काळी, स्वच्छ दिसली. मग वरून नवं रक्त आलं आणि ती पुन्हा भरली.

गिरिजाने तिसरा मारला. तेच झालं.

तिला ते समजायला वेळ लागला नाही. यंत्रांमध्ये आयुष्य गेलं होतं. छाती हा भाता आहे. साध्या श्वासाने तो थोडाच फुगतो. पण तोंडाची वाट अरुंद करून श्वास ओढला, तर बाहेरची हवा आत यायला उशीर होतो आणि तेवढा वेळ छातीत निर्वात पोकळीसारखी ओढ तयार होते. ती ओढ फक्त हवेला लागत नाही. मानेतलं रक्तही तीच ओढ छातीत खेचून घेते. पृथ्वीवर जे काम वजन करतं, ते इथे भुरका करत होता. फक्त काही क्षण, पण करत होता.

"आमटीचा काही संबंध नाही," ती म्हणाली. चिमटा तसाच ठेवून तिने रिकाम्या नळीतून नुसती हवा ओढली. शीर मिटली, धूर निघून गेला. "आता तू."

"मला आमच्या अम्मीने मार मार मारून ही सवय मोडलीय," तन्वीर म्हणाला. पण त्याने नळी घेतली, आणि त्याच्या मानेतही तेच दिसलं.

मग गिरिजाने पट्ट्याच्या नोंदी उघडल्या. या सगळ्या वेळात ग्रीवाने काय पाहिलं? काहीच नाही. भुरक्याच्या प्रत्येक क्षणी आलेख कोरा होता. कोऱ्या जागेच्या अलीकडचं आणि पलीकडचं टोक ग्रीवाने जोडून टाकलं होतं, जणू मध्ये काही घडलंच नाही. गेले कित्येक आठवडे, रोज, प्रत्येक जेवणाला. म्हणजे रोज कितीतरी वेळा धुऊन निघणारी शीर त्याच्या लेखी सलग उभी होती.

"त्याने फेकून दिलंय सगळं," तन्वीर म्हणाला.

"फेकलेलं नाही," गिरिजा म्हणाली. "गाळलंय. कुणीतरी गाळणी लावलीय."

*

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत खाली बंगळुरात पाच माणसं होती. संचालक राघवन मध्ये, अश्विनी अगदी कडेला. बोलणं इंग्रजीत चाललं होतं. गिरिजाने चित्रफीत दाखवली, आलेख दाखवला आणि मग म्हणाली, "आता प्रत्यक्ष बघा." तन्वीरने प्रोब धरला. गिरिजाने माइक उघडाच ठेवला आणि नळीतून असा भुरका मारला की खालच्या सभागृहातल्या कर्ण्यांनी तो छतापर्यंत पोहोचवला.

"हा आवाज कसला?" राघवनांनी दचकून विचारलं.

"याला आमच्याकडे भुरका म्हणतात, सर."

"ह्याला काही शास्त्रीय नाव?"

"अजून नाही. तुम्ही आवाजाकडे नका बघू, शिरेकडे बघा."

तिने पुन्हा मारला. कुणीतरी हसलं. पडद्यावर शीर मिटली तसं हसणं थांबलं. सभागृहात एक जण खुर्ची पुढे ओढून बसला.

"डॉक्टर मोहरीर," राघवन म्हणाले, "हे ग्रीवाला का दिसत नाही?"

अश्विनी उठून उभी राहिली. उभं राहायची गरज नव्हती.

"कारण मी त्याला बघू नको असं सांगितलंय," ती म्हणाली. "गिळताना, बोलताना, खोकताना मान हलते. त्यामुळे येणारे संकेत खोटे असतात, म्हणून ते गाळायचे. पट्ट्याला शिकवायला आम्ही पृथ्वीवर माणसांना, रक्त डोक्याकडे जमावं म्हणून, डोकं खाली करून झोपवून ठेवलं होतं. त्यांना सूचना होती, खाताना-पिताना आवाज करायचा नाही. ध्वनिलहरींत गोंधळ नको म्हणून." ती थांबली. "सूचना मीच लिहिली होती. मला ती इतकी साधी वाटली की त्यावर कुणी चर्चासुद्धा केली नाही. ग्रीवाने आयुष्यात भुरका पाहिलेलाच नाही. त्याला तो बिघाड वाटतो."

"म्हणजे आकडा चुकीचा आहे?"

"आकडा अपुरा आहे. बरोबर किती, ते मला आज सांगता येणार नाही. ही दोन माणसं आहेत आणि एक दिवस."

"आणि झोपेत?" दुसऱ्या एका सदस्याने विचारलं. "झोपेत काही भुरके मारता येत नाहीत."

"नाही," गिरिजा म्हणाली. "झोपेचं उत्तर माझ्याकडे नाही. ते इथे राहूनच शोधायला लागेल. झोपण्याआधी आणि मध्ये उठून केलं तर पुरतं का, बघायला लागेल."

राघवन वाईट माणूस नव्हते. त्यांनी चष्मा काढून पुसला. "कमांडर हत्तुरे, शोध उत्तम आहे. तुमचं नाव होईल. उद्या खाली या. आपण इथे प्रयोगशाळेत नीट अभ्यास करू."

"तिथे रक्त आपोआप उतरतं, सर. तिथे काय अभ्यास करणार?"

"मला लाल पट्ट्याचं माणूस वर ठेवता येणार नाही. उद्या काही झालं तर लोक मला विचारतील, यंत्र सांगत होतं तरी का ठेवलंत."

"त्यांना सांगा, यंत्र अर्धंच बघत होतं."

"लोकांना अर्धं-पुरं कळत नाही. रंग कळतो."

"मी रोज कमी मात्रेचं इंजेक्शन घेईन. तन्वीर रोज दोन वेळा शीर बघेल, पट्ट्याने नाही, डोळ्यांनी. गुठळीचा कणभर जरी दिसला तरी मिळेल त्या वेळेला उतरेन, कुणी सांगायची वाट बघणार नाही. पण झालेल्या गुठळीसाठी उतरेन. गाळलेल्या आकड्यासाठी नाही."

"हा आदेश आहे," राघवन म्हणाले.

गिरिजाच्या मानेत नाडी ठणकत होती. पडद्यावर सगळ्यांना ती दिसत होती. लपवण्यासारखं तिच्याकडे काही राहिलं नव्हतं.

"सर, स्थानकाचा दरवाजा आतून लागतो," ती म्हणाली.

*

परतीची कुपी, म्हणजे पृथ्वीवर उतरायचं लहानसं यान, एकच होती. एकटा तन्वीर ती घेऊन गेला असता, तर गिरिजाला संकटात सुटायला काही उरलं नसतं. तो राहिला, तर आदेश मोडणाऱ्या दोघांपैकी एक तोही ठरणार होता. बैठक संपल्यावर गिरिजाने हे त्याच्यापुढे तसंच मांडलं.

"तू म्हणालास तर मी तुझ्याबरोबर उतरते," ती म्हणाली. "तुला इथे डांबून ठेवणार नाही. मी प्रमुख आहे म्हणून हो म्हणू नकोस."

तन्वीर प्रोबची तार गुंडाळत होता. "मला घरी जायचंय, ताई. रोज जायचंय. पोरगी चालायला लागलीय, आणि मी ते फोनवर बघितलं."

"मग?"

"मग काय. मी डोळ्यांनी बघितलंय धूर जाताना. ते सोडून रंग बघून घरी गेलो, तर उद्या पोरीला काय सांगू, अब्बा काय काम करतात म्हणून?" त्याने तार खणात टाकली. "फक्त एक अट आहे. तुमचं बघून मलाही दिवसभर ते करावं लागणार. आमच्या अम्मीला कुणी सांगायचं नाही."

त्या रात्री वडिलांना, अप्पांना, फोन लागला तेव्हा ते खानावळीतच होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचलेली होती. वाहिन्यांवर सकाळपासून दुसरं काही नव्हतं. मागे ताटं आपटल्याचा आवाज येत होता.

"काय गं, उतरत नाही म्हणालीस म्हणं?"

"होय अप्पा."

"ते यंत्र मरशील म्हणायलंय आणि तू बसायलीस वर?"

"मरशील म्हणत नाही. मरू शकशील म्हणतंय."

"शब्द नको फिरवू माझ्यापुढं. गिऱ्हाईक असं बोलतंय उधारीचं." ते थांबले. "कुणासाठी चाललंय हे?"

"माझ्यासाठीच. आणि पुढं दोन पोरी आहेत. मी आले तर त्यांना पाठवणार नाहीत."

"ओळखीच्या आहेत?"

"एक आहे. दुसरीला नीट भेटलेसुद्धा नाही."

"आणि मी? माझी ओळख आहे का नाही?"

अप्पा कधी असं बोलत नसत. टीव्हीवर मुलाखतीला आले तरी ते मुलीपेक्षा शेंगाचटणीबद्दल जास्त बोलायचे.

"मी सांगायलोय, ये," ते म्हणाले. "बाप म्हणून सांगायलोय. पाया पडू का?"

"अप्पा."

"येणार का नाही?"

"काम संपल्यावर येते."

तिकडे अप्पांनी कुणाला तरी ताटं उचलायला सांगितलं.

"तुझी आई असती तर तिनं तुला शब्दानं उतरवलं असतं," अप्पा शेवटी म्हणाले. "मला जमत नाही. रविवारी फोन लाव. रविवारी तुझं तोंड दिसलं पाहिजे मला. सुजलेलं तर सुजलेलं."

आशीर्वाद त्यांनी दिला नाही. तिने मागितलाही नाही. फोन बंद झाल्यावर ती दरवाजाच्या कड्या तपासायला गेली.

*

परतीच्या वेळेआधी तासभर खालून नेहमीच्या सूचना येत राहिल्या. कुपीची वीज सुरू करा. आसनं तपासा. गिरिजाने प्रत्येक सूचनेला एकच उत्तर दिलं: "ऐकलं. करत नाही." तिचा आवाज चढला नाही. सूचना देणाऱ्या तरुणाचाच आवाज हळूहळू बारीक होत गेला. पुढे पुढे तो वाक्याच्या शेवटी 'मॅडम' लावू लागला, जे नियमात नव्हतं.

तन्वीरने तिच्या मानेला प्रोब लावला होता. ती नळीतून श्वास ओढत होती, सोडत होती. पडद्यावर शीर भरायची, मिटायची.

अचानक मनगटावरचा आकडा हलला. लालच राहिला, पण खाली सरकला. पुन्हा सरकला. रेषेपाशी येऊन अडखळला आणि अलीकडे उतरून पिवळा झाला.

"पट्ट्याला काय झालं?" तन्वीर म्हणाला.

कानात अश्विनीचा आवाज आला. मराठीत. "गाळणी काढलीय मी. मूळ संकेत साठवलेले होते, तुझ्या सगळ्या जुन्या नोंदी पुन्हा मोजायला लावल्यात. स्त्री असण्याचे गुणही काढलेत. तू घेतलेल्या गोळ्यांचे लावलेत, म्हणजे शून्य."

"परवानगी होती?"

"नाही. राघवन सर माझ्या मागेच उभे आहेत. मी काय बोलतेय ते त्यांना कळत नाही, पण आवाजावरून अंदाज आला असेल."

"हिरवा नाही झाला."

"नाही होणार. रक्त झोपेत उभं राहतं तुझं. तो धोका खरा आहे, गिरिजा. तो मी कमी करून दाखवणार नाही."

"नकोच. खरा आहे तेवढाच ठेव."

"भीती वाटतेय का?"

"हो," गिरिजा म्हणाली. "तुला?"

"मला कालपासून जेवण जात नाही."

मागे कुणीतरी अश्विनीला इंग्रजीत काहीतरी खडसावून विचारत होतं. तोच प्रश्न पुन्हा विचारला गेला. स्थानक खालच्या समुद्रावरून पुढे सरकलं. परतीची वेळ आली तशी गेली. कुपीच्या दरवाजावरचा हिरवा दिवा विझला आणि त्या जागी पुढच्या वेळेची तारीख उमटली.

काही क्षणांनी अश्विनी पुन्हा बोलली, या वेळी इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा स्वरात. "कमांडर, नोंदीसाठी विचारते. परतीची वेळ टळली. वैद्यकीय अधिकारी म्हणून मला कारण लिहायचंय. काय लिहू?"

गिरिजाने पाण्याच्या यंत्राच्या दुरुस्तीचा पाना भिंतीवरच्या पकडीतून सोडवून हातात घेतला. ते काम कालपासून अर्धवट पडलं होतं.

"लिही," ती म्हणाली, "की प्रवासी शुद्धीवर होती, तिला धोका माहीत होता आणि ती कामात होती."

अश्विनीने शब्दाला शब्द तसंच लिहिलं, आणि खाली सही केली.